डोंगराचा आजार शेडमध्ये कसा आला

डिसेंबरात सिन्नरच्या बाजूला एका ब्रॉयलर शेडवर गेलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. पडदे चारी बाजूंनी गच्च बंद, आत पाऊल टाकताच अमोनियाने डोळे चुरचुरले. शेडच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी रात्रीत मेलेले सात पक्षी दाराशी ओळीने मांडून ठेवले होते. सातही अंगाने भरलेले, लॉटमधले वजनदार. मरतुकडा एकही नाही.

त्यातला एक उताणा केला. पोट बोटाने दाबलं तर पाणी भरलेल्या पिशवीसारखं डुचमळलं. कात्रीने कातडी उघडली आणि वाटीभर पिवळसर पाणी घळाघळा बाहेर आलं. त्यात जेलीसारख्या गाठी, थेट यकृताला चिकटलेल्या. यकृत सुजलेलं, त्याच्या कडा धारदार न राहता गोल झालेल्या. हृदय हातात घेतलं तर नेहमीपेक्षा मोठं, आणि त्याची उजवी बाजू जुन्या फुग्यासारखी सैल.

"डॉक्टर, कुठली लस चुकली?"

"लस नाही चुकली, अण्णा. हा जलोदर आहे. जंतूमुळे होत नाही हा. मुळात डोंगरावरचा आजार."

अण्णांनी शेडबाहेर मान काढून पट्ट्याच्या डोंगराकडे बघितलं. "तो तर तिकडं राहिला," म्हणाले.

हसायला आलं खरं, पण त्यांची शंका रास्त होती. हजारो मीटर उंचीवरचा आजार सपाटीवरच्या शेडमध्ये येतो कसा, हे समजून घ्यायचं तर गोष्ट थोडी लांबून सुरू करावी लागते.

आधी एक घोटाळा दूर करू. डोंगरावरच्या गावाचं नाव असलेला कोंबड्यांचा आजार आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक आहे: राणीखेत. मानमोडी म्हणतात तोच. पण उत्तराखंडच्या कुमाऊँ भागातल्या राणीखेतशी त्याचं नातं एवढंच, की १९२० च्या दशकाच्या अखेरीस मुक्तेश्वरच्या पशुवैद्यक संस्थेतल्या जे. टी. एडवर्ड्स यांनी तिथल्या कोंबड्यांमधली ही साथ नोंदवली. विषाणूला उंचीशी काही देणंघेणं नाही, तो कोकणात जितक्या जोमाने मारतो तितक्याच जोमाने कुमाऊँत. ही मुक्तेश्वरची संस्था मूळची आपल्या पुण्याची बरं का. १८८९ साली कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात तिची प्रयोगशाळा सुरू झाली. पण बुळकांडीसारख्या रोगाचे नमुने भर वस्तीत हाताळायचे म्हणजे गावोगावच्या गुरांशी खेळ. म्हणून १८९३ मध्ये ती दोन हजार मीटरहून उंच, जंगलाने वेढलेल्या मुक्तेश्वरला हलवली. थंडीचाही जंतूंच्या कामाला उपयोग होता. तिथे डोंगर हवा होता तो कुंपण म्हणून. बुळकांडी पुढे जगातूनच संपली, २०११ मध्ये तशी घोषणाही झाली.

जलोदराचं नेमकं उलट आहे. नावात डोंगर नाही, पण दुखणं उंचीचंच.

उंचावर ऑक्सिजन कमी असतो असं आपण सर्रास म्हणतो. हवेतला ऑक्सिजनचा हिस्सा खरं तर मुंबईत आणि लेहमध्ये सारखाच असतो, साधारण २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे आणि तिथला दाब मुंबईच्या जेमतेम दोन तृतीयांश. छाती तेवढीच फुगवली तरी हाती येणारा ऑक्सिजन एक तृतीयांशाने कमी. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, १,६४६ मीटरवर, हीच तूट सहाव्या हिश्शाच्या आसपास असते. माणूस गडी चढून जातो, थोडा धापा टाकतो, परत येतो. जनावराला तिथेच राहायचं, चरायचं, व्यायचं असतं.

अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगराळ कुरणांवर गोऱ्या वसाहतवाल्यांनी सपाटीवरची गुरं चढवली, तेव्हा एक विचित्र प्रकार दिसू लागला. धडधाकट गाय कळपातून मागे पडायची, मान खाली घालून एकटी उभी राहायची. मानेची शीर दोरीसारखी फुगून ठोके देत असे. मग मानेखालच्या पोळीत, म्हणजे लोंबत्या कातडीत, आणि पुढच्या दोन पायांमधल्या छातीत पाणी उतरायचं. बोटाने दाबलं तर कणकेत पडावा तसा खड्डा पडून राहायचा. जुलाब लागायचे. हाकलायला गेलं की जागच्या जागी कोसळायची. १९१५ साली तिथल्या ग्लोव्हर आणि न्यूसम या दोघांनी या रोगाचं पहिलं नीट वर्णन केलं. हा उंचीचा रोग आहे, यात हृदय थकतं, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं. इंग्रजीत याला ब्रिस्केट डिसीज म्हणतात, म्हणजे छातीचा रोग. नाव जरा फसवं आहे. सूज छातीला असते, पण बिघाड फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांत सुरू होतो.

तो कसा, हे सांगायला दारं धरण्यासारखं दुसरं उदाहरण नाही. रात्री लाइट आली की शेतकरी बॅटरी घेऊन पाण्यावर जातो. एक वाफा भरला, की त्याचं दार मातीने बुजवायचं आणि पुढच्याचं फोडायचं. एखाद्या वाफ्यात पीकच जळून गेलं असेल तर त्याचं दार तो उघडतच नाही. पाणी कशाला वाया घालवायचं? फुप्फुस नेमकं हेच करतं. फुप्फुसात लाखो बारीक वाफे आहेत, एकीकडून हवा येते, दुसरीकडून रक्त. न्यूमोनियाने एखादा कोपरा खराब झाला आणि तिथे हवा पोचेना, की त्या कोपऱ्याकडे जाणारी रक्तवाहिनी आपोआप आवळते. रक्त वाया जात नाही, चांगल्या भागाकडे वळतं. स्वीडनच्या ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगात ही गोष्ट दाखवली. शरीरात इतरत्र ऑक्सिजन कमी पडला की रक्तवाहिन्या सैल होतात, फुप्फुसात मात्र आवळतात. उलटा कायदा, पण हुशारीचा.

आता हीच गाय लेहला न्या. तिथे एक कोपरा खराब नाही, हवाच पातळ आहे. त्यामुळे प्रत्येक वाफ्याला वाटतं, आपल्याकडे पीक नाही, दार लावा. सगळी दारं एकदम अर्धी बंद. इकडे विहिरीवर मोटर चालूच. पाइपात दाब चढत जाणार नाही तर काय होणार?

ही मोटर म्हणजे हृदयाचा उजवा कप्पा. डावा कप्पा सगळ्या शरीराला रक्त पुरवतो, त्याची भिंत जाड. उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंतच रक्त ढकलायचं असतं, म्हणून त्याची भिंत पातळ. कमी हॉर्सपॉवरच्या मोटरला डोंगरावर पाणी चढवायला लावल्यासारखी त्याची गत होते. आधी तो जाड होतो, जोर लावतो. मग ताणला जातो, सैल पडतो. पुढे ढकललं जाईना, की रक्त मागे तुंबतं. मानेची शीर फुगते, यकृतात रक्त साठतं. असं यकृत कापलं की आतला रंग किसायला अर्धं कापलेल्या जायफळासारखा दिसतो, गडद-फिकट रेघांचा. पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ‘जायफळी यकृत’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला की हसू येतं, एकदा टेबलावर बघितलं की आयुष्यात विसरत नाहीत. तुंबलेल्या शिरांमधून पाणी झिरपतं आणि उभ्या गाईच्या अंगात जिथे उतार आहे तिथे, म्हणजे पोळीत, जमतं.

सगळ्या जनावरांना हे सारखं होत नाही. मेंढी, शेळी, दक्षिण अमेरिकेतला लामा नावाचा उंटाचा भाऊबंद, ही जनावरं उंचावर बऱ्यापैकी निभावतात. गाय आणि डुक्कर मात्र या बाबतीत हळवे. गाईच्या अंगाच्या मानाने तिचं फुप्फुस लहान. शिवाय ते इतक्या वेगळ्या वेगळ्या कप्प्यांत विभागलेलं, की एका कप्प्यातली हवा शेजारच्याला मिळत नाही. आणि फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीत स्नायू भरपूर, म्हणजे दार लावायला गडी दांडगा.

पण गाईगाईतही फरक असतो. एकाच कुरणावर दहा गाई नेल्या तर एखादीच बसते, बाकीच्या मजेत चरतात. तो फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक आहे हे लक्षात आल्यावर कोलोरॅडोत गुरं निवडायची एक चाचणी रूढ झाली. मला ती फार आवडते, कारण तिला लागतो तो हात आणि डोळा. वळू खोड्यात उभा करायचा, डोकं एका बाजूला बांधायचं. मानेच्या शिरेत जाड सुई, तिच्यातून लांब, लवचिक, बारीक नळी. रक्ताच्या ओघाबरोबर ती हृदयात उतरते. आत काय चाललंय ते दिसत नाही, एक्स-रे नसतो. दिसते ती फक्त पडद्यावरची दाबाची रेघ. नळीचं टोक वरच्या कप्प्यात असेल तोवर बुटक्या लाटा. खालच्या कप्प्यात गेलं की एकदम उंच खांब, दर ठोक्याला पार शून्याजवळ येणारे. आणि फुप्फुसाच्या धमनीत शिरलं, की त्या खांबांचा तळ वर उचलला जातो. तो क्षण ओळखायचा आणि आकडा वाचायचा. सरासरी दाब पाऱ्याच्या ४१ मिलिमीटरच्या आत असेल तर वळू उंचावर चालेल. ४९ च्या वर असेल तर त्याला खाली विका, त्याची पैदास डोंगरावर नको. ही चाचणी सपाटीवर करून उपयोग नाही, तिथे दारं अजून बंदच झालेली नसतात. जनावर निदान १,५०० मीटरवर काही आठवडे राहिलेलं हवं.

आजारी पडलेल्या गाईला उपाय एकच खात्रीचा: खाली उतरवा, आणि सावकाश उतरवा. पळवलीत तर वाटेतच जाईल. लघवी वाढवणारी औषधं, ऑक्सिजन, छातीतलं पाणी काढणं हे सगळं त्या प्रवासापुरतं.

मग याक काय करतो? याकने दारांचा प्रश्नच मिटवून टाकलाय. १९८६ साली लडाखमधल्या याक, गाई आणि त्यांच्या संकरांवरचं एक काम प्रसिद्ध झालं. याकच्या फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या पातळ भिंतीच्या निघाल्या आणि पातळ हवेतही त्या फारशा आवळत नव्हत्या. हजारो पिढ्या उंचावर काढताना त्याने तो जुना, हुशारीचा कायदा जवळपास रद्द केला होता. आणखी मजेशीर भाग झोचा. झो म्हणजे याक आणि गाईचा संकर. नर वांझ, पण ओझं वाहायला नामी. मादी झोमो दुधाला चांगली. या संकरातही रक्तवाहिन्या याकसारख्या सैल आढळल्या. आईबापांपैकी एकच याक असला तरी फुप्फुस याकच्या बाजूने मतदान करतं! लडाखी माणूस झो-झोमो का पाळत आला, याचं कारण त्याने कधी दाब मोजून ठरवलं नसेल, पण चुकलाही नाही. तिथली लडाखी गायही अशीच घडलेली: बुटकी, काटक, थोड्या दुधाची. आपली कोकण कपिला आणि ही लडाखी गाय, दोघींची देशी जाती म्हणून नोंदणी आगेमागेच झाली. एक दमट उताराची, दुसरी कोरड्या उंचीची. दोघींच्या लहान अंगकाठीला लोक नाकं मुरडतात, आणि दोघींचंही जगण्याचं गणित त्या अंगकाठीतच आहे.

आता कोंबडीकडे येतो. बोलिव्हिया, पेरू, मेक्सिको इथल्या उंच पठारांवर १९६० च्या आसपास मांसाच्या कोंबड्या पाळायला सुरुवात झाली तशा पोटात पाणी भरून पक्षी मरू लागल्याच्या नोंदी येऊ लागल्या. तीच साखळी: पातळ हवा, फुप्फुसात दाब, उजवा कप्पा ढिला, यकृतातून पाणी पाझरून पोटात. लोकांना वाटलं, गाईसारखंच आहे, उंचीचं दुखणं आहे, संपलं. पण पुढच्या वीसएक वर्षांत हेच मरण समुद्रसपाटीच्या शेडमध्ये दिसायला लागलं. हवा बदलली नव्हती. कोंबडी बदलली होती.

किती बदलली, ते कॅनडाच्या अल्बर्टा विद्यापीठाने चांगलं दाखवलं. त्यांनी १९५७, १९७८ आणि २००५ सालचे वाण एकत्र, एकाच खाद्यावर वाढवले. ५६ दिवसांचा १९५७ चा पक्षी भरला ९०५ ग्रॅम. १९७८ चा १,८०८. आणि २००५ चा ४,२०२ ग्रॅम. अर्ध्या शतकात साडेचार पट. एवढं मांस बनवायला ऑक्सिजन लागतो, पण फुप्फुस त्या वेगाने वाढलं नाही. वाढलं तरी फायदा बेताचाच, कारण पक्ष्याचं फुप्फुस फुगत नाही. आपल्या छातीत भात्यासारखं फुगतं-मिटतं तसं ते नसतं. बरगड्यांत घट्ट रुतलेलं असतं, हवा त्यातून एकाच दिशेने वाहते आणि भात्याचं काम हवेच्या पिशव्या करतात. त्यातल्या केशवाहिन्याही ताठर, जास्त रक्त आलं म्हणून रुंद होत नाहीत. भरीस भर, पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं. आपल्या पेशी अरुंद बोळातून घडी घालून सरकतात, कोंबडीच्या तेवढ्या वाकत नाहीत. ऑक्सिजन कमी पडला की शरीर आणखी पेशी बनवतं, रक्त काकवीसारखं दाट होतं, आणि तेच दाट रक्त त्याच ताठर नळ्यांतून ढकलायचं.

थोडक्यात, हवेतला पुरवठा घटला काय किंवा अंगातली मागणी वाढली काय, फुप्फुसाला दोन्ही सारखंच. सिन्नरच्या शेडमधला महिन्याचा ब्रॉयलर रोज डोंगर चढत असतो, तोही जागेवर बसून.

गंमत अशी की याच घडणीचं फुप्फुस घेऊन पट्टकदंब हंस हिमालय ओलांडतात. हिवाळ्यात उजनी-जायकवाडीच्या पाण्यावर डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले जे करडे हंस उतरतात, तेच. उपग्रहाने माग काढलेला त्यांच्यातला एक ७,२९० मीटरवरून उडाल्याची नोंद आहे. त्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला घट्ट धरतं, फुप्फुस अंगाच्या मानाने मोठं, आणि अंगावर फुकटचं वजन नाही. पक्ष्याचं फुप्फुस कमी प्रतीचं आहे असं म्हणायची सोयच या हंसाने ठेवलेली नाही. आपण त्यावर किती वजन लादलं, हा प्रश्न आहे.

संशोधकांनी यातून एक उलटी युक्ती काढली. अमेरिकेतल्या आर्कान्सा विद्यापीठात कोंबड्यांची पिल्लं अशा बंद खोलीत वाढवतात जिथली हवा पंपाने पातळ केलेली असते, सुमारे २,९०० मीटर उंचीवर असते तेवढी. मग कोणती घराणी तगतात ते बघायचं आणि त्यांची पैदास पुढे न्यायची. डोंगर चढायला नको, डोंगरच खोलीत आणायचा. काही पिढ्यांत जलोदराला दाद न देणारी आणि हमखास बळी पडणारी अशी दोन वेगळी घराणी त्यांनी तयार केली.

उंचीवर अंडी उबवण्याचं कोडंही सांगण्यासारखं आहे. कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून ऑक्सिजन आत येतो आणि वाफ बाहेर जाते. उंचावर ऑक्सिजन कमी, म्हणून छिद्रं जास्त हवीत असं वाटेल. पण हवेचा दाब कमी असला की वाफही भराभर निसटते आणि पिल्लू आतच सुकतं. उंचावर वाढलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांना छिद्रं कमी आढळली. श्वासापेक्षा पाणी राखणं त्यांनी आधी पसंत केलं. म्हणून सपाटीची अंडी नुसती उचलून लेहच्या उबवणी यंत्रात ठेवली तर पिल्लं कमी निघतात. यंत्रात वरून ऑक्सिजन सोडला आणि ओलावा राखला तर हिशेब सुधारतो.

अण्णांना यातलं निम्मंही सांगितलं नाही. त्यांच्या शेडमध्ये आणखी तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. पहिली थंडी: पक्षी अंग तापवायला जास्त ऑक्सिजन खर्च करतो. दुसरी पडदे: गारठा नको म्हणून बंद, आत कोळशाच्या शेगड्या, ओलं तूस, अमोनिया. आधीच ताणलेलं फुप्फुस त्याने आणखी सोलवटतं. तिसरी, रात्रभर दिवे, म्हणजे रात्रभर खाणं. पाण्यात क्षार जास्त असले तरी भर पडते, म्हणून बोअरचं पाणी तपासायला सांगितलं.

"पडद्याची वरची हातभर पट्टी दिवसा उघडी ठेवा. थंडी पक्ष्याच्या अंगावर न येता वरून हवा खेळली पाहिजे."

"आणि औषध?"

"जे फुगलेत त्यांना नाही. पुढच्या बॅचला दुसऱ्या आठवड्यापासून रात्री चार-सहा तास अंधार ठेवा. खाद्य जरा मोजून द्या. पहिल्या तीन आठवड्यांत वाढ थोडी रोखली की हृदय-फुप्फुसाला अंगाच्या वाढीला गाठता येतं."

अण्णा गप्प झाले. कराराचे पक्षी, पैसे वजनावर आणि खाद्याच्या हिशेबावर. कंपनीचा सुपरवायझर दर आठवड्याला काटा घेऊन येतो आणि वजन कमी भरलं की तोंड वाकडं करतो. त्याच्याच पुस्तिकेत पक्ष्याने कितव्या दिवशी किती ग्रॅम भरायचं याचा तक्ता आहे.

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि खाद्याच्या रिकाम्या गोणीवरच्या कागदी लेबलावर आकडेमोड सुरू केली: एका बाजूला रोजची मर, दुसऱ्या बाजूला पक्ष्यामागे बुडणारे ग्रॅम. मी हात धुऊन आलो तेव्हाही ते बेरीज करत होते.